जन्माचा दाखला

शिवाजी महाराजांचा जन्म नक्की कोणत्या दिवशीं झाला, ह्या एका प्रश्नावर महाराष्ट्रांतील विद्वानांनीं कित्येक दशकें शाई खर्ची घातली. बखरींतून येणाऱ्या तिथींवरून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा काळ पुष्कळ वर्षें मान्य होता. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांत मिळालेली शकावली प्रसिद्ध केली, आणि तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी वेगळीच तिथि निघाली. पुढें राजस्थानांत जोधपूरकडे जतन झालेल्या जुन्या पत्रिकांच्या संग्रहांत महाराजांची कुंडली सांपडली. तिनेंही हीच तिथि सांगितली. अखेर महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस स्वीकारला. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर, शहाजीराजांसारख्या मातबर सरदाराच्या घरीं जन्मलेल्या मुलाच्या तिथीसाठीं जर एवढें संशोधन लागलें, तर त्याच सुमारास पायथ्याच्या जुन्नरांत जन्मलेल्या एखाद्या साळ्याच्या मुलीची तिथि कोण सांगणार?

ह्या वादावरून जुन्या काळीं जन्मवेळ कोणी टिपून ठेवीत नसे असें अनुमान काढणें मात्र चुकीचें होईल. उलट ती फार बारकाईनें टिपली जाई. बाळंतिणीच्या खोलीबाहेर घटिकापात्र मांडावें, मूल जन्मलें कीं सूर्योदयापासून लोटलेल्या घटिका व पळें मोजावीं, आणि जोशांनीं त्यावरून तिथि, वार, नक्षत्र, योग, करण मांडून टिपण करावें, ही रीत सुस्थितींतील घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली. पांचवीला किंवा सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें भविष्य लिहून जाते अशी समजूत असे, आणि तिच्यासाठीं पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याचा प्रघात कित्येक घरीं होता. म्हणजे मुलाच्या नांवानें पहिला कागद मांडला जाई तो सहाव्या दिवसाच्या आंतच.

परंतु पत्रिका हा घरचा कागद. तो देवघरांतल्या पेटींत राही आणि बाहेर निघे तो लग्नाच्या वेळीं. त्याचें काम ग्रह जुळविण्याचें. वय सिद्ध करण्याचें काम त्याच्याकडे कोणी सोपविलें नव्हतें. मुलीचें लग्न लांबलें तर तिच्या पत्रिकेंतून एखादें वर्ष उणें करण्यांत फारसें पाप आहे असें पुष्कळांना वाटत नसे. शिवाय ज्या उंबऱ्यांपर्यंत जोशी जातच नसे, त्या घरच्या मुलांना पत्रिकाही नसे. तीं मुलें दुष्काळाच्या सालीं, मोठ्या पुराच्या सालीं, किंवा थोरल्या चुलत्याच्या लग्नाआधींच्या आखाडांत जन्मत, आणि तेवढ्यावर त्यांचें आयुष्य निभावून जाई. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळांचीं नांवें सांपडतात. पण यजमान तीर्थाला आला तरच तीं लिहिलीं जात, आणि त्या वह्यांना वंश कळतो, जन्मदिवस कळत नाहीं.

घराबाहेर ठेवलेली, तारीखवार आणि नांवनिशीवार अशी वही पश्चिम किनाऱ्यावर आली ती पोर्तुगीजांच्या चर्चमधून. इंग्लंडांत १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्यास आरंभ झाला. कॅथॉलिक पंथांत ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं तशीच शिस्त घालून दिली. गोवा आणि वसई हा मुलूख त्या वेळीं पोर्तुगीजांकडे असल्यामुळें ही शिस्त येथेंही पोंचली. तरी ह्या वह्या खऱ्या अर्थानें जन्माच्या नव्हत. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याचीच ती नोंद, आणि दिवसही बाप्तिस्म्याचा. इंग्लंडांतसुद्धां जे राजमान्य चर्चचे अनुयायी नव्हते, त्यांच्या मुलांना ह्यामुळें विश्वसनीय पुरावा मिळेना. ही अडचण दूर करण्यासाठीं तेथें १८३६ चा कायदा झाला व १ जुलै १८३७ पासून सरकारी निबंधकाची जन्मनोंद सुरू झाली. तीही प्रथम आईबापांवर बंधनकारक नव्हती; दंडाची सक्ति १८७४ च्या कायद्यानें आली. जुन्या वह्यांचें मोल पुढें कोठें व कसें वाढेल याचा नेम नसतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणें तेथील नागरिकत्व मागतां येतें. त्यासाठीं आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानींतील दप्तरांतून शोधून काढावा लागतो आणि तो लिस्बनच्या नोंदींत चढवावा लागतो. विलायतेस नोकरीला निघालेल्या नातवाचें भवितव्य अशा रीतीनें एका पिवळ्या पडलेल्या पानावर अवलंबून राहतें.

इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांत जी वही उघडली तिचा हेतु निराळा होता. ती उघडली गेली मुख्यतः मरणांसाठीं. जन्म तींत मागाहून येऊन बसले असें म्हटलें तरी चालेल. १८५७ नंतर येथील गोऱ्या सैन्याची संख्या वाढली, आणि त्या सैन्यांत लढाईपेक्षां पटकी, हिवताप व अतिसार यांनीं मरणारे अधिक, हें उघड होतें. १८६३ च्या शाही आयोगानें हें प्रमाण वर्षाला दर हजारीं ६९ असल्याचें दाखवून दिलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं ह्या आंकड्यांचा पाठपुरावा सोडला नाहीं. छावणीला रोग होतो तो शेजारच्या वस्तींतून, तेव्हां त्या वस्तींत कोण कशानें मरतें हें कळलें पाहिजे, अशी ही विचारसरणी. १८६४ सालीं तिन्ही इलाख्यांत आरोग्यमंडळें नेमलीं गेलीं, आणि १८६६ सालीं वऱ्हाडांत जन्ममृत्यूंच्या नोंदीची पद्धत सुरू झाली. हिंदुस्थानांतील ह्या प्रकारचा हा आद्य प्रयत्न मानला जातो. बंगालनें १८७३ सालीं स्वतंत्र कायदा केला. १८८६ सालीं सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं कायदा झाला खरा, पण तो ऐच्छिक होता, आणि ख्रिस्ती व ज्यांना १८६५ चा वारसाकायदा लागू होता अशा समाजांपुरताच होता. बाकीच्या रयतेचा जन्म सरकारच्या दृष्टीनें आरोग्यखात्याच्या तक्त्यांतील एक आंकडा होता.

खेड्यांत ही नोंद कशी होई हें पाहण्यासारखें आहे. जागल्या किंवा कोतवाल वस्तींतून फिरतां फिरतां कानीं आलेली बातमी पाटलाला सांगे, आणि वहींत एक ओळ वाढे. महाराष्ट्रांत ही वही गांव नमुना नंबर १४ किंवा नुसतें कोतवाल बुक ह्या नांवानें ओळखली जाते. ओळींत तारीख असे, बापाचें नांव असे, जात असे, आणि मूल मुलगा आहे कीं मुलगी हें असे. आईचें नांव पुष्कळदां नसे. मुलाचें नांव तर बहुधा नसेच, कारण बारसें व्हायच्या आधींच ओळ लिहून झालेली असे, आणि बारसें झाल्यावर पाटलाकडे परत जाऊन नांव सांगण्याचें कोणालाच कारण नव्हतें. ज्या हिशेबासाठीं ही ओळ लिहिली जात होती त्याला संख्या पुरेशी होती.

ह्या वह्यांचें पुढें काय झालें तेंही मोठें विलक्षण आहे. ज्यांत मुलाचें नांव नाहीं पण जात आहे, असें हें दप्तर स्वातंत्र्यानंतर जातीच्या दाखल्यांसाठीं पुरावा म्हणून शोधलें जाऊं लागलें. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां तहसिलींतील जुन्या वह्यांचे गठ्ठे सोडण्यांत आले, आणि कित्येक पानें मोडींत असल्यामुळें मोडी वाचणारीं माणसें धुंडाळावीं लागलीं. पटकीचा माग काढण्यासाठीं लिहिलेल्या ओळी दीडशें वर्षांनीं नोकरीच्या व शिक्षणाच्या हक्कासाठीं वाचल्या जातील, हें त्या कोतवालाच्या स्वप्नींही आलें नसेल.

शहरांची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईस १८७७ चा देवी टोंचण्याचा कायदा झाला, आणि जन्माच्या नोंदीला एक नवें काम मिळालें. कोणतें मूल टोंचावयाचें राहिलें हें त्याच वहीवरून कळे. नोंद दिली कीं देवीडॉक्टर दाराशीं येणार, हा हिशेब लोकांनाही ताबडतोब समजला, आणि नोंद देण्याचा उत्साह त्यामानानें कमी झाला. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें जन्माची बातमी देण्याचें कर्तव्य आईबापांवर घातलें. पण ज्या काळीं बहुतेक बाळंतपणें घरीं, सुइणीच्या हातून होत, त्या काळीं चाळींतल्या खोलींत मूल जन्मलें हें म्युनिसिपालिटीला कळावें कसें? शेजारणीला कळलें म्हणजे जगाला कळलें, अशीच सर्वांची भावना होती.

ह्या वहीला खऱ्या दाखल्याचें रूप येऊं लागलें तें मुलींच्या वयाच्या प्रश्नानें. १८९० सालीं कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढें फुलमणि नांवाच्या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला. विवाहित मुलींना कायद्याचें संरक्षण त्या वेळीं दहाव्या वर्षापर्यंतच होतें. फुलमणीनें दहा वर्षें ओलांडलीं होतीं असें धरलें गेलें, आणि तेवढ्यानेंच तिच्या नवऱ्यावरील मुख्य आरोप उभा राहूं शकला नाहीं. हयगयीनें दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. दहा वर्षांच्या अलीकडे कीं पलीकडे, ह्या कांहीं महिन्यांच्या फरकावर न्याय टांगला गेला होता. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा बारा वर्षांवर गेली. त्या वेळीं पुण्यामुंबईस जें वादळ उठलें तें धर्माच्या आणि परकीय सरकारच्या ढवळाढवळीच्या नांवानें. परंतु विरोधकांच्या आक्षेपांपैकीं एक अगदीं व्यवहाराचा होता. मुलीला बारा वर्षें पुरीं झालीं कीं नाहीं हें ठरवावयाचें कशावरून? पत्रिकेवरून म्हणावें तर ती बापाच्याच पेटींत, आणि सरकारी वहीवरून म्हणावें तर तींत मुलीचें नांवच नाहीं. सुधारकांपाशीं ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें, हें मान्य केलें पाहिजे.

उत्तर शोधण्याचा नेटाचा प्रयत्न व्हायला आणखी जवळजवळ चार दशकें जावीं लागलीं. १९२८ सालीं सरकारनें संमतिवयाच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. ज्या वऱ्हाडांत जन्ममृत्यूची वही प्रथम उघडली, त्याच वऱ्हाडांतल्या कायदेपंडिताकडे हें काम यावें हा योगायोगच. समितीनें देशभर हिंडून साक्षी घेतल्या, आणि १९२९ च्या अहवालांत वयाच्या कायद्याइतकाच जन्माच्या व विवाहाच्या विश्वसनीय नोंदींवर भर दिला. त्याच वर्षीं सारडा कायदा मंजूर झाला: मुलीचें वय किमान चौदा, मुलाचें अठरा, अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या महिन्यांत लग्नांची एकच घाई उडाली, आणि कडेवरचीं मुलें बोहल्यावर चढलीं. त्यानंतरही कायदा बराचसा कागदावरच राहिला. लग्न बेकायदा आहे म्हणून फिर्याद करावी, तर वधूचें वय सिद्ध करणें फिर्यादीकडे, आणि पुरावा वधूच्या घरीं.

सामान्य माणसाच्या आयुष्यांत वयाचा प्रश्न ह्याहून सौम्य रूपानें आला, तो शाळेच्या दारांत. मूल शाळेंत घालावयाला आणलें कीं गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास सांगत. हात पुरला तर मूल सहा वर्षांचें. मग जन्मतारखेचा रकाना भरावयाचा म्हणून शाळेचें वर्ष ज्या महिन्यांत सुरू होई त्याची पहिली तारीख लिहिली जाई. महाराष्ट्रांतील एका सबंध पिढीचे वाढदिवस ह्यामुळें १ जूनला येतात, आणि त्याच्या आदल्या दिवशीं, ३१ मे रोजीं, एकाच कचेरींतून चारसहा माणसें निवृत्त होण्याचा प्रसंग पुष्कळांनीं पाहिलेला आहे. खरा दिवस आईला ठाऊक असे: नागपंचमीच्या आदल्या दिवशीं, म्हैस व्याली त्याच रात्रीं. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यापुढें आईचें कोण ऐकतो?

स्वतंत्र भारताचा जन्ममृत्यु नोंदणी कायदा १९६९ सालीं झाला आणि बहुतेक प्रांतांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ऐच्छिकपणा संपला, सर्व धर्मांना एकच नियम आला. घरीं जन्म झाला तर कुटुंबप्रमुखानें, रुग्णालयांत झाला तर तेथील अधिकाऱ्यानें बातमी द्यावयाची; आणि उघड्यावर टाकून दिलेलें मूल सांपडलें तर गांवच्या प्रमुखानें किंवा ठाण्याच्या अंमलदारानें. कायद्याच्या कलमांतील ही एक ओळ वाचतांना मन थबकतें. ज्या मुलाला सांगण्यासारखें कोणीच नाहीं, त्याचाही जन्म कोणीतरी सांगितलाच पाहिजे, एवढें तरी राज्यानें आतां मान्य केलें होतें.

आज नवजात मुलासाठीं जे कागद जुळवावे लागतात, त्यांत ह्या सबंध इतिहासाचे थर दिसतात. नमुना क्रमांक १ हा जन्माचा अहवाल. त्याचे दोन भाग आहेत. एका भागांत जन्माची तारीख, ठिकाण, मुलाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव, पत्ता. हा भाग निबंधकाच्या वहींत कायम राहतो आणि त्यावरून दाखला मिळतो. दुसऱ्या भागांत आईचें शिक्षण, व्यवसाय, तिला झालेलीं मुलें, बाळंतपण कोणाच्या हातून झालें, बाळाचें वजन, आणि लग्नाच्या वेळीं आईचें वय. कागदी नमुन्यांत हा भाग फाडून गणनेसाठीं वर पाठविला जाई. आरोग्यखात्याच्या तक्त्याचा वारस तो दुसरा भाग, पहिला मुलाचा. लग्नसमयींचें वय विचारणारा रकाना पाहिला कीं मोरोपंत जोशांच्या समितीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

मुदत एकवीस दिवसांची. तेवढ्यांत बातमी पोंचली तर खर्च नाहीं. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षाच्या आंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलें तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वीं हा हुकूम न्यायदंडाधिकाऱ्याकडून आणावा लागे. आतां तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनीं नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहे. त्याच दुरुस्तीनें, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतींत, शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, पारपत्र, सरकारी नोकरी, विवाहनोंदणी अशा कामांसाठीं जन्माची तारीख व ठिकाण दाखविणारा हाच एक पुरावा ठरविला. कान धरून वय मोजणाऱ्या गुरुजींचा अधिकार त्या दिवशीं संपला. पण ह्याची दुसरी बाजूही आहे. पूर्वीं एक कागद नसला तर दुसरा चाले. आतां हा एक नसला तर पुढचें प्रत्येक दार अडतें, आणि तो नसण्याचा संभव ऊंसतोडीच्या कोप्यांत, वीटभट्टीवर, डोंगरांतल्या पाड्यावर जन्मलेल्या मुलांच्याच बाबतींत अधिक. शहरांतील रुग्णालयांत जन्मलेल्या मुलाचे आईबाप डिस्चार्जचा कागद व आधारपत्र घेऊन येतात, नांवाचें इंग्रजी स्पेलिंग दोनदां तपासतात आणि निश्चिंत होतात. त्यांनीं तें तपासावें हेंच बरें. एका अक्षराची चूक पुढें दुरुस्त करवून घेणें फार जिकिरीचें होतें.

आईच्या नांवाचें स्थानही हळूहळू बदललें. कोतवालाच्या ओळींतून निसटणारें हें नांव अहवालाच्या नमुन्यांत आलें. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अविवाहित मातेनें प्रतिज्ञापत्र दिलें तर वडिलांच्या नांवाची अट न घालतां मुलाला दाखला द्यावा. आणि महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव असा क्रम आला.

एक रकाना मात्र अजून वऱ्हाडांतल्या पहिल्या वहीसारखाच रिकामा राहतो. रुग्णालय आपला अहवाल लौकर पाठवून मोकळें होतें, आणि बारसें तर बाराव्या दिवशीं. आत्याबाईंच्या सवडीप्रमाणें तें सव्वा महिन्यावरही जातें. कायद्याला ही चाल ठाऊक आहे. नांवावांचून नोंद करावी, वर्षाच्या आंत नांव विनाशुल्क घालून द्यावें, आणि त्यापुढें पंधरा वर्षांपर्यंत शुल्क घेऊन, अशी सवलत त्यानें ठेवली आहे. म्हणून पहिला दाखला घरीं येतो तेव्हां त्यावर तारीख असते, वेळ असला तर रुग्णालयाच्या कागदावर असतो, आईबापांचीं नांवें असतात, आणि मुलाच्या नांवाची जागा कोरी असते. पाळण्यांत नांव ठेवून झालें, घुगऱ्या वांटून झाल्या, कीं घरांतील कोणीतरी, बहुधा मामा किंवा आजोबा, अर्ज घेऊन तेवढ्या एका रकान्यासाठीं पुन्हां त्या खिडकीपाशीं जातो.